‘निघा’ कोण म्हणणार? पोलादपूरच्या वाडीतला माझा मे महिना

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण परत आल्यापासून वर्गातल्या प्रत्येकानं तेच विचारलंय. नाही, हवामान बदलावर संशोधन करायला फिजिक्स लागत नाही. मी राज्यशास्त्राची आहे, गणित दहावीला सुटलं ते सुटलंच, आणि तरी मला फेलोशिप मिळाली. कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला होता, दोन लग्नपत्रिका आणि एका हरवलेल्या आयकार्डाच्या मध्ये. विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन, विषय ‘हवामान धोरण आणि निर्णयप्रक्रिया’. बाकीच्यांना वाटलं हे आपलं नाही. मला पण तसंच वाटलं, फक्त मी अर्ज भरून टाकला.

विषय ऐकायला जड आहे पण असतं साधं. पाऊस किती पडणार हे सांगणारी माणसं वेगळी. तो इशारा आल्यावर खाली जमिनीवर कोण काय ठरवतं, हे बघणारे आम्ही. माझा प्रश्न एका ओळीचा होता: डोंगराच्या कुशीतल्या वाडीला दरडीचा धोका असतो, मोबाइलवर इशारा येतो, तेव्हा ‘घर सोडा, निघा’ असं म्हणतं कोण?

आमच्या मॅडमनी पोलादपूर तालुक्यातल्या एका पोलीस पाटील बाईंचा नंबर दिला. प्रमिलावहिनी. मॅडमना त्या कुठल्याशा प्रशिक्षणात भेटल्या होत्या. मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं: मी ऋतुजा, मूळची लातूरची, पुण्यात शिकते, जुलैत येते, भर पावसात, म्हणजे सगळं प्रत्यक्ष बघता येईल.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “जुलैत येऊन काय बघशील? धुकं. मे महिन्यात ये.”

“पण मेमध्ये पाऊस कुठे असतो?”

“पाऊस नसतो, पण मुंबईकर असतात. गावकी तवाच बसते, सगळा गाव जमून. जे काय ठरायचा ते मेमध्येच ठरतं. नाय ठरला तर मग पुढल्या मेला.”

मी कॅलेंडर बदललं. पूर्ण प्रवासात घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय तोच, आणि तोही माझा नव्हता.

महाड

महाडच्या स्टँडवर उतरले तर घाम असा की टी-शर्ट पिळून काढावा. आमच्या लातूरला पण ऊन चाळीसच्या वर, पण ते कोरडं ऊन, सावलीत गेलं की संपतं. इथं सावलीत पण तुमच्यासोबत येऊन बसतं.

बाजारात टोपी घ्यायला गेले. दुकानदार काकांना सहज विचारलं, पुराचं पाणी इकडे आलं होतं का हो? त्यांनी काउंटरवर चढून भिंतीवर हात ठेवला. पुढच्या दुकानात विचारलं, तिथल्या काकू स्टुलावर चढल्या. मेडिकलवाल्यानं तर पत्र्याच्या माळ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “औषधं आता तिथंच असतात जून लागला की. गिऱ्हाईकानं क्रोसिन मागितली तरी शिडी लावतो.” आमच्याकडे कुणाला पाण्याचं विचारलं की माणूस हात खाली नेतो, विहिरीत, बोअरमध्ये. इथं सगळ्यांचे हात वर. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी तिथंच फुटपाथवर बसून टाइप करत सुटले.

आणि टाइप करता करता बस चुकली. म्हणजे बस मिळाली, पण दुसरी. पाठीला मोठ्या सॅक लावलेली आठ-दहा पोरं एका गाडीत चढली, मला वाटलं घाटाकडेच चाललीत, मी त्यांच्या मागे. कंडक्टर आले तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. “पोलादपूर? बाय, ही रायगडची.” अख्खी गाडी हसली. मग काय, हिरकणीवाडीला उतरले. रोपवेची रांग, टोप्या, सरबतं, आणि वर तो डोंगर असा सरळ की मान दुखते. एका टपरीवर पिठलं, भाकरी आणि ताक घेतलं. टपरीवाल्या मावशींना म्हटलं, मी चुकून आलेय. त्या म्हणाल्या, “चुकून आलीस तरी जेवून जा, काय बिघडत नाय.” परत महाड, परत स्टँड, आणि या वेळी तीन जणांना विचारून पोलादपूरची गाडी.

वरची वाडी

पोलादपूरवरून आंबेनळी घाटाच्या दिशेनं जीप. ड्रायव्हरच्या शेजारी चार माणसं बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, त्यातली चौथी मी. मग फाट्यावर उतरून चढ. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. गावकीनं सांगितलं, आमची नावं लिव, गावाचं नको. म्हणून आपली ती ‘वरची वाडी’.

वरची वाडी डोंगराच्या उतारावर अशी बसलीय की एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या पत्र्यावर पाय ठेवता येईल. मागे कातळ, त्याच्यावर झाडी, आणि झाडीत एक लांबच लांब भेग, जी वहिनींनी मला पहिल्याच संध्याकाळी नेऊन दाखवली. मला वाटलं होतं भेग म्हणजे काहीतरी भयंकर दिसेल. तर तिच्यात करवंदाची जाळी उगवलेली. आम्ही भेगेच्या काठावर बसून करवंदं खाल्ली. ओठ चिकट, जांभळे. “दर पावसात थोडी थोडी रुंदावते,” वहिनी म्हणाल्या आणि मूठभर करवंदं माझ्या हातात दिली.

प्रमिलावहिनी तिशीच्या. बारावी झालेल्या, पोलीस पाटील होऊन दोन पावसाळे झालेत. जेवायला तांदळाची भाकरी, कैरी घातलेली सुकट, वालाचं बिरडं आणि कोकमाचं सार. मी ज्वारीवर वाढलेली मुलगी, भाकरी थापायला पुढे सरसावले. तांदळाच्या पिठाची आधी उकड काढतात हे मला काय माहीत? परातीत दोन तुकडे झाले. वहिनींच्या सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गो बाय. तू लिहायला आलीस ना? लिव.”

जेवताना वहिनींनी मागच्या पावसाळ्याची गोष्ट सांगितली, आणि तिथं मला कळलं की माझ्या एका ओळीच्या प्रश्नाला किती फांद्या आहेत.

इशारा येतो वहिनींच्या मोबाइलवर. घरोघर जाऊन सांगायचं काम त्यांचं. कागदावर निवारा आहे गावातली शाळा, पण तिकडे जायला ओढ्यावरचा साकव ओलांडावा लागतो. मागच्या वर्षी सकाळी इशारा आला. वहिनी छत्री घेऊन दारोदार फिरल्या. लोक म्हणाले, “थांब, मुंबईचा फोन येऊ दे.”

हे मला दोनदा विचारावं लागलं. मुंबईचा फोन?

तर गोष्ट अशी की वाडीतल्या जवळपास प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मुंबईला. तिकडे त्यांचं मंडळ आहे. देवळाचा पत्रा, पाण्याची पाइपलाइन, पूजेचा खर्च, सगळं मंडळ बघतं. साहजिकच वाडीचा कुठलाही मोठा निर्णय मंडळाच्या अध्यक्षांशिवाय होत नाही. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्या दिवशी तात्या म्हणाले, जरा बघू, थांबा. संध्याकाळी म्हणाले, बरं निघा. तोवर साकव पाण्याखाली. सगळी वाडी घरातच बसून राहिली, डोंगराकडे कान लावून.

“काय पडला नाय,” वहिनी म्हणाल्या. “पण मी त्या दिवशी सासूकडं बघत बसलेली. तिचे गुडघे बघ. पळणार हाय ती?”

“मी का पळू?” सासूबाई म्हणाल्या. “डोंगरानं पळावा.”

वहिनी हसल्या नाहीत. रविवारी पूजा होती, पूजेनंतर गावकी. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मुंबईकर परत जाणार आणि मग पाऊस. वहिनींना गावकीकडून दोन गोष्टी हव्या होत्या: साकव न ओलांडता जाता येईल अशी जागा, आणि ‘निघा’ म्हणायचा हक्क. या रविवारी मिळाल्या नाहीत तर हा पण पावसाळा असाच फोनची वाट बघत काढायचा.

बौद्धवाडी

जागा होती. समोरच होती. हे मला दुसऱ्या दिवशी उतरताना दिसलं. वरच्या वाडीच्या खाली डाव्या हाताला सपाट माळ, त्याच्यावर बौद्धवाडी, आणि मधोमध पक्का, स्लॅबचा, पांढरा-निळा हॉल. डोंगरापासून लांब, मधे ओढा नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं, सासूबाईंच्या गुडघ्यांनी पाऊण तास.

“मग इथेच का नाही यायचं?” मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. दोन्ही वाड्यांचं बोलणंचालणं चांगलं आहे, पोरं एकत्र क्रिकेट खेळतात, भातलावणीला एकमेकांकडे जातात. पण जेवणाखाणाचं तेवढं नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. दोन दिवसांत दिसलंच.

हॉलचं सगळं बघतात सुनंदाताई. अंगणवाडी सेविका, आवाज खणखणीत, हातात कायम काहीतरी काम. आम्ही गेलो तेव्हा त्या फणस कापत होत्या. मी लगेच मदतीला. त्या म्हणाल्या तेल लाव हाताला, मी म्हटलं असू दे. ही चूक लक्षात ठेवा.

वहिनी कशाबशा विषयावर आल्या. सुनंदाताईंनी गरे काढता काढता ऐकून घेतलं.

“प्रमिला, तू सरळ सांगतेस म्हणून मी पण सरळ सांगते. हॉल आमी नाय म्हणणार नाय. पाऊस काय कोणाची वाडी बघून पडत नाय. पण आजपावेतो आमाला कोणी विचारलाय काय?”

“मी विचारते ना आता.”

“तू एकटी नको. तू आज हायस, उद्या मुदत संपली, राजीनामा दिलास. गावकीनं येऊन विचारायला पायजे. आमच्या लोकांसमोर. मग बघ, मी स्वतः झाडून ठेवते.”

परत चढताना वहिनी भराभर पुढे निघाल्या. मी मात्र बोलत होते, कारण मला शांत राहता येत नाही, आणि कारण माझी बोटं फणसाच्या चिकानं एकमेकांना चिकटली होती.

गावकी

रविवार. पूजा झाली, प्रसाद झाला. देवळाच्या मंडपात पुरुष सतरंजीवर, बायका कडेला पायऱ्यांवर. मी खांबाला टेकून. विषयपत्रिका बघून मला हसू फुटलं. पाइपलाइन, मग गावाची मोठी भांडी कुणाकडे ठेवायची, मग क्रिकेटची मॅच, मग लाऊडस्पीकर, आणि ‘इतर’. जगभर ज्याच्यावर परिषदा भरतात तो विषय ‘इतर’ मध्ये, लाऊडस्पीकरच्या मागे. भांड्यांवर एवढी भांडणं झाली की मला वाटलं आमचा नंबर दिवाळीत लागेल.

तात्या मधोमध. गोदीतून रिटायर झालेले, घाटकोपरला राहतात, बर्म्युडा आणि वर गावच्या टीमचा टी-शर्ट, मोबाइल गळ्यात दोरीला. मी मनात त्यांना खलनायक ठरवून आले होते. पण माणूस असा की येणाऱ्या प्रत्येक पोराला नावानं हाक मारत होता.

“इतर. बोला सूनबाय,” ते म्हणाले. “पण शॉर्टमध्ये. जेवणं व्हायचीत.”

वहिनींनी मला खूण केली. मी आदल्या रात्री काढलेला वाडीच्या नकाशाचा चार्ट उघडायला गेले तर तो हाताला चिकटला. डाव्या हातानं सोडवला तर डाव्या हाताला. फणस! पोरं फुटली. तात्या म्हणाले, “मॅडम, नकाशा सोडत नाय तुमाला.” मग कुणीतरी खोबरेल आणलं आणि गावकी माझे हात चोळून होईपर्यंत थांबली. एका परीनं बरंच झालं, नंतर कुणी मला ‘मॅडम’ म्हणालं नाही.

वहिनी उभ्या राहिल्या. “नकाशा ऱ्हाऊ दे. मी तोंडी सांगते. पावसाचा फोन मला येतो. मी सांगते निघा. तुमी म्हणता मुंबईचा फोन येऊ दे. मुंबईत बसून डोंगर दिसतो काय?”

“व्हाट्सपवर दिसतो,” मागून कोणीतरी. हशा.

“दिसतो ना? मग गेल्या साली का नाय दिसला?”

आता कोणी हसलं नाही. तात्यांनी गळ्यातला मोबाइल हातात घेतला, परत सोडला.

“सूनबाय, मी सांगू? मी ‘थांबा’ म्हटला आणि काय झाला, तर लोक म्हणतील डोंगरानं केला. मी ‘निघा’ म्हटला आणि साकवात कोणाचा पाय गेला, तर तो मी केला. त्याच्या घरी तोंड दाखवायला मी जायचा. म्हणून माझ्या तोंडातनं ‘निघा’ येत नाय. आता काय ते लिवा.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मी लिहिलं. हात तेलकट, पेन घसरतंय, पण एक अक्षर सोडलं नाही. निर्णयप्रक्रिया म्हणजे काय हे मी अर्जात अडीच पानं लिहिलं होतं, आणि या माणसाची भीती त्यात कुठेच नव्हती.

“साकवाकडं जायचाच नाय,” वहिनी म्हणाल्या. “खाली बौद्धवाडीत हॉल हाय.”

दोघं-तिघं सतरंजीवर सरकून बसले.

एक म्हातारे घसा साफ करत म्हणाले, “त्यांचा हॉल हाय तो.”

“हो. म्हणून विचारायला जायचा. गावकीनं. तात्या, तुमी चला माझ्यासंगं. आत्ता.”

“आत्ता? जेवणं?”

“जेवण पळत नाय, तात्या.”

तात्यांनी मंडपाबाहेर काढलेल्या चपलांकडे बघितलं. मग उठले. ते उठले म्हणून आणखी चौघं उठले. मी पण निघाले तर वहिनींनी डोळे वटारले, म्हणून मी मागे राहिले आणि वाटाण्याच्या उसळीच्या पातेल्यापाशी राखण करत बसले. जेवणं थांबलीच होती. सासूबाई पायरीवरून खाली बघत होत्या आणि दर पाच मिनिटांनी “अजून बसलीत गो” म्हणत होत्या.

परत आले तेव्हा तात्यांच्या टी-शर्टावर चहाचा डाग होता. सुनंदाताईंचे चुलतसासरे आणि तात्या एकाच गोदीत होते, वेगवेगळ्या शिफ्टला. निम्मा वेळ त्यातच गेला म्हणे.

“हॉल भेटला,” तात्या म्हणाले. “आणि दुसरा. ‘निघा’ सूनबाय म्हणणार. मंडळाला फोन नंतर करायचा.”

“बाईमाणसाच्या सांगण्यावर सगळी वाडी उठवायची?” मघाचेच म्हातारे.

“तुझ्या बायकोच्या सांगण्यावर तू दारू सोडलीस ना?” सासूबाई पायरीवरून ओरडल्या. “ती बरी चालली!”

ठराव मंजूर.

तालीम

मला वाटलं काम झालं. पण तात्या म्हणाले, मुंबईकर जायच्या आत एकदा करून बघू. मी तर उडालेच. खरीखुरी तालीम! मी आणि सुनंदाताई खाली हॉलच्या दारात, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. वर वहिनींनी सकाळी ‘निघा’ म्हटलं आणि मला मिस कॉल दिला. मी बटण दाबलं.

वीस मिनिटं झाली. कोणी नाही. अर्धा तास. पाऊलवाटेवर एक कुत्रं आलं, हॉल बघून परत गेलं. ठराव केला पण येत कोणी नाही, असं काहीतरी मॅडमना कसं सांगायचं याची मी वाक्यं जुळवत होते.

आणि मग झाडीतून ओळ दिसली. आधी पोरं, तेल लावून भांग पाडलेली. मग बायका. काठाच्या साड्या, केसात अबोली, तोंडाला पावडर. कुणाच्या हातात फणस, कुणाच्या पिशवीत कैऱ्या, एकीकडे डब्यात शंकरपाळे. पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून. मागून सासूबाई, दोन नातवांच्या खांद्यावर हात ठेवून, हिरव्या नऊवारीत. आणि सगळ्यात शेवटी वहिनी, रागानं लाल.

“पाऊस काय तुमची पावडर होईपर्यंत थांबणार हाय?”

“अगो, लोकाच्या दारात जायचा,” सासूबाई म्हणाल्या, “घरच्या साडीत जाऊ? रिकाम्या हातानं?”

सुनंदाताई दारात हात कमरेवर ठेवून बघत होत्या. मला वाटलं चिडतील. त्यांना हसू आवरेना. “काय गो, लगीन कोणाचा हाय?”

चहा झाला. दोन वयस्कर माणसं म्हणाली, आत्ताच घेतलाय. ती बाहेर ओट्यावर बसली. बाकी सगळ्यांनी घेतला, सासूबाईंनी दोनदा. हे असंच झालं, म्हणून असंच लिहिते.

मग हॉलमध्येच चर्चा. मी म्हटलं भोंगा लावू. तात्या म्हणाले भोंगा वाजला तरी साडी बदलणारच. कोणी म्हणालं दंड करा. शेवटी सुनंदाताई बोलल्या.

“तुमी पावण्यासारखे येताय, म्हणून उशीर होतो. पावण्याला तयारी लागते. तर असा करा, पावसाळ्याची लाकडं भरताय ना आता? एक वाटा इकडं हॉलच्या माळ्यावर आणून टाका. तुमची दोन भांडी ठेवा, घोंगड्या ठेवा. चुला मांडा तुमचा. आपली लाकडं जिकडं हायत तिकडं यायला कोण पावडर लावतो?”

एकदम सगळेच बोलायला लागले. गावाची मोठी भांडी, ज्यांच्यावरून रविवारी तासभर भांडण झालं होतं, ती इकडेच ठेवायची हे दोन मिनिटांत ठरलं. पुढचे दोन दिवस वाडीनं लाकडं उतरवली. मुंबईची पोरं पण, कानात हेडफोन आणि डोक्यावर मोळी. मी एक मोळी घेतली, वाटेत तीनदा ठेवली, चौथ्यांदा एका आठवीतल्या मुलीनं ती माझ्याकडून काढूनच घेतली.

निघायच्या सकाळी आम्ही पुन्हा एकदा करून बघितलं, कुणाला आधी न सांगता. या वेळी सासूबाई मळक्या लुगड्यात होत्या आणि एका बाईच्या हाताला पीठ होतं. मी स्टॉपवॉच बघितलंच नाही, कारण मीच त्यांच्यासोबत पळत होते.

पुणे

परत आल्यावर अहवाल लिहिला. माझ्या पहिल्या मसुद्यात लाकडांचा उल्लेख नव्हता. मला वाटलं ते फार घरगुती वाटेल. मॅडमनी वाचला, चष्मा वर केला, म्हणाल्या, “तू फोनवर मला अर्धा तास लाकडांबद्दल सांगत होतीस. इथे कुठेत?” मग लिहिलं. निवारा ठरवताना ज्यांचा निवारा आहे त्यांना आधी विचारावं, आणि जे राहायला येणार त्यांचं सामान आधी पोचवावं. तालुक्याला पाठवलंय. तिथं कोणी वाचेल की नाही माहीत नाही. वाडीला मात्र मी फोनवर सगळं वाचून दाखवलं, तात्यांनी दोन वाक्यं बदलायला लावली.

तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर करा. अशा संधी येतात, मेसेजच्या गर्दीत हरवतात एवढंच. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, मी सगळी टिपणं मराठीत काढली. फक्त जायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, कधी येऊ. आणि फणसाला तेल लावा.

हे सगळं मी जूनमध्येच लिहून संपवणार होते. पण मग पाऊस लागला.

पहिला इशारा जुलैत आला. वहिनींनी निघा म्हटलं, सगळे खाली गेले. मला हॉलचा फोटो आला, चूल पेटलेली, पोरं घोंगडीत. मी नाचले खोलीत. रात्रभर पाऊस, डोंगर जागचा हलला नाही, सकाळी सगळे घरी.

मी फोन केला तर वहिनींचा आवाज बारीक. “पयल्यांदा सगळे येतात गो. नवी गोष्ट. आता लोक म्हणतायत, उगाच गेलो. खरी मजा पुढच्या वेळी.”

हे मला सुचलंच नव्हतं. मी पुढचे कितीतरी दिवस हवामानाचं ॲप उघडत राहिले, लातूरचं सोडून पोलादपूरचं. लातूरला बाबा पाऊस पडू दे म्हणत होते आणि मी पोलादपूरला नको म्हणत होते.

दुसरा इशारा आला तेव्हा तिकडे चक्क ऊन होतं. वहिनींनीच नंतर सांगितलं सगळं. आकाश निळं, वाळत घातलेले कपडे, आणि त्या दारोदार सांगत फिरतायत, निघा. लोक दारात उभे राहून वर बघायचे, मग त्यांच्याकडे. एकजण म्हणाला, वहिनी, गॉगल घालून येऊ काय? वहिनींना वाटलं संपलं. त्या घरी परतल्या तर सासूबाई दारात, काठी घेऊन, आधीच निघालेल्या. तोंडानं अखंड चालू: या पोरीनं जीव नको केलाय, गुडघे गेले माझे, ऊन पडलाय आणि ही म्हणते निघा. पण पाय खालच्या वाटेला. म्हातारी निघाली म्हटल्यावर शेजारचं घर निघालं, मग त्याच्या खालचं.

पहिल्याच वळणावर सासूबाईंच्या कनवटीला खोचलेला फोन वाजला. मुंबईवरून तात्या.

“म्हातारे, काय चाललाय? तिकडं ऊन हाय म्हणतात. थांबताय की निघताय?”

“नंतर फोन कर रे,” सासूबाई म्हणाल्या, “आता आमी चालतोय,” आणि मुंबईचा फोन कट केला.